एडिंबरातली मेंढी, सुरतेतली शेळी

१८ नोव्हेंबर १८७०, शुक्रवार. एडिंबरा शहरातल्या सर्जन्स हॉलमध्ये शरीररचनाशास्त्राची परीक्षा होती आणि ती द्यायला काही तरुण बायका निघाल्या होत्या. हॉलबाहेरचा रस्ता माणसांनी भरलेला. बघे होते, पण पुढे होते ते वैद्यकीचे विद्यार्थी, दारू पिऊन आलेले, हातात चिखलाचे गोळे घेतलेले. बायका फाटकाशी पोचल्या तशी फाटक त्यांच्या तोंडावर बंद झालं. शेवटी आतून कुणीतरी दार उघडलं. चिखलाने माखलेल्या पदरांनिशी, म्हणजे त्यांच्या झग्यांच्या घेरांनिशी, त्या आत जाऊन बसल्या आणि पेपर लिहू लागल्या. मग दार ढकलून कुणीतरी एक मेंढी आत सोडली. बाई डॉक्टर होऊ शकते तर मेंढी का नाही, असा तो विनोद. परीक्षा घेणारे डॉ. हँडिसाइड म्हणाले, राहू द्या तिला, बाहेरच्यांपेक्षा तिला अक्कल जास्त आहे.

या बायकांना पुढे 'एडिंबराच्या सात' म्हणू लागले. सोफिया जेक्स-ब्लेक ही त्यांची पुढारी. पण आपल्याला इथे त्यांच्यातली दुसरी हवी आहे : एडिथ पीची. इंग्लंडातल्या एसेक्समध्ये १८४५ साली जन्मलेली, आधी शिक्षिका असलेली. ती चिखल झटकून तेरा वर्षांनी मुंबईच्या बंदरात उतरणार होती.

तिच्या वाट्याला मेंढीच्या आधीच एक प्रसंग आला होता. १८७०च्या वसंतात रसायनशास्त्राच्या परीक्षेत, पहिल्यांदा बसलेल्यांमध्ये ती पहिली आली. त्या क्रमांकाला 'होप शिष्यवृत्ती' मिळायची. प्राध्यापकांनी ती तिच्या खालच्या क्रमांकाच्या मुलाला दिली. कारण? बायकांचा वर्ग वेगळा भरतो, म्हणून त्या वर्गातल्या नव्हेत. गंमत अशी की प्रोफेसर होप यांनी ही शिष्यवृत्ती चाळीसेक वर्षांपूर्वी उभी केली होती ती बायकांसाठी दिलेल्या व्याख्यानांच्या तिकिटांमधून. पैसा बायकांचा चालला.

आणखी एक गोष्ट त्याच शहरातली. प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म देऊन वेणांची धार बोथट करता येते हे जगाला दाखवलं ते एडिंबराच्याच प्रसूतिशास्त्राच्या प्राध्यापकाने, जेम्स सिम्प्सनने, १८४७ मध्ये. सहा वर्षांनी खुद्द व्हिक्टोरिया राणीने बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला आणि धर्मगुरूंची कुरकुर बंद झाली. बाईच्या बाळंतपणाचं इतकं नवं शास्त्र जिथे शिकवलं जात होतं, तिथे ते शिकायला बाई नको होती. १८७३ मध्ये न्यायालयानेही सांगून टाकलं की या बायकांना प्रवेश देणं हीच मुळात विद्यापीठाची चूक. पीचीने मग स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जाऊन जर्मनमधून परीक्षा देऊन एम. डी. मिळवली, आणि १८७७ मध्ये डब्लिनच्या फिजिशियन्स कॉलेजने तिला व्यवसायाचा परवाना दिला. लीड्समध्ये तिने सहा वर्षं दवाखाना चालवला.

आता मुंबई इलाख्यात या.

इथे बाळंतपण हे डॉक्टरचं काम नव्हतंच, ते सुईणीचं. पहिलटकरीण माहेरी यायची. घरातली सर्वांत आतली, बहुधा सर्वांत अंधारी खोली तिला द्यायचे. वारा लागू नये म्हणून झरोके बुजवायचे, बाजेखाली शेगडी ठेवायची, ओवा-शेपेची धुरी द्यायची. सुवेर असल्याने दहा दिवस शिवायचं नाही. त्यामुळे खोलीत जी जुनेरी द्यायची ती टाकाऊच असायची, कारण ती परत घरात घ्यायची नसत. सुईण यायची ती दुसऱ्या बाळंतिणीकडून उठून, त्याच हातांनी. नाळ कापायची ती विळ्याने किंवा हाताशी असेल त्या धारेने.

यातली निम्मी पथ्यं शहाणपणाची होती, हे मला मुद्दाम म्हणायचं आहे. बाळंतिणीला दहा दिवस कुणी चुलीशी उभी करत नव्हतं; डिंक, अळीव, तूप तिच्या पोटात जात होतं; अंगाला तेल लागत होतं. सुईणीच्या हाताला जो अंदाज होता, मूल आडवं आहे की पायाळू हे पोटावरून चाचपून सांगण्याचा, तो पुस्तकातून येत नाही. पण तोच हात धुतलेला नसे, आणि या एका गोष्टीने सगळी पुण्याई बुडत असे. बाळंतरोग म्हणजे ताप, पोट फुगणं, वात, आणि मग शेवट. व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ मध्येच दाखवून दिलं होतं की हा ताप डॉक्टरांच्या हातांवरून बाळंतिणीकडे जातो आणि क्लोरिनच्या पाण्याने हात धुतले तर मृत्यू धाडकन उतरतात. त्यालाही वेड्यातच काढलं होतं. तेव्हा न धुतलेला हात ही काही आपल्या सुईणीचीच मिरास नव्हे. व्हिएन्नातले प्रोफेसर शवविच्छेदनाच्या टेबलावरून उठून थेट प्रसूतीला जात.

बाळाचं दुखणं वेगळं. नाळेच्या जखमेतून धनुर्वात शिरला की तीन-चार दिवसांपासून आठवड्या-दोन आठवड्यांत तो दिसू लागतो : बाळ अंगावर पिईनासं होतं, जबडा आवळतो, अंग ताठतं. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येते, नशीब लिहिते, आणि नाराज झाली तर बाळ नेते, म्हणून त्या रात्री दिवा मालवायचा नाही, कुणीतरी जागं राहायचं. ज्यांनी ही रात्र ठरवली त्यांना जंतू ठाऊक नव्हते, पण कोणत्या दिवसांची भीती धरायची हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

कल्याणच्या एका घरातली यमुना नऊ वर्षांची असताना टपाल खात्यातल्या गोपाळराव जोशींशी तिचं लग्न झालं आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. आनंदीबाई जोशींचं चरित्र सांगताना हा प्रसंग आपण पायरीसारखा वापरतो, त्यावर पाय ठेवून ती अमेरिकेला गेली असा. त्या दहा दिवसांच्या खोलीत मात्र कुणी थांबत नाही. तिथे एक चौदा वर्षांची मुलगी आहे, जिच्या कटीची हाडंही अजून पुरती भरलेली नाहीत. अशा वयात मूल अडलं तर दोन-दोन, तीन-तीन दिवस अडून राहतं. आई वाचली तर कित्येकदा मूत्राशयाला भोक पडून आयुष्यभर लघवी गळत राहते, आणि मग तिला घरात कुणी जवळ बसवून घेत नाही. त्या काळात पोट फाडून मूल काढणं म्हणजे जवळजवळ आईचा मृत्यूच. जर्मनीच्या सेंगरने गर्भाशयाला नीट टाके घालायची रीत सांगितली तीच मुळी १८८२ मध्ये.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमधल्या श्रीरामपूरला, अठरा वर्षंही पुरी न झालेल्या आनंदीबाईंनी भर सभेत इंग्रजीत सांगितलं की मी अमेरिकेला का जाते. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी जे कारण दिलं त्याचा आशय असा की माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीवर चढल्या.

हे कारण लक्षात ठेवा, कारण त्या वर्षी ते अनेकांच्या तोंडी होतं आणि प्रत्येकाच्या तोंडी त्याचा अर्थ निराळा होता.

मुंबईत जॉर्ज किट्रेज नावाचा एक अमेरिकन व्यापारी होता. मुंबईच्या रस्त्यांवर १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम धावू लागली तिच्याशी या माणसाचं नाव जोडलेलं आहे. कुलाब्याला त्या ट्रामचे घोडे बांधलेले असत. धंदेवाईक माणूस, मिशनरी नव्हे, सरकारी नव्हे. त्याला वाटलं की इथल्या बायकांसाठी बायका डॉक्टर आणल्या पाहिजेत, आणि त्याने ते ट्रामच्या कंपनीसारखंच हाती घेतलं : किती पैसे लागतील, किती वर्षांची हमी द्यावी लागेल, इमारत कुठे. सोराबजी शापूरजी बेंगाली त्याला येऊन मिळाले. हे तेच बेंगाली, ज्यांनी गिरण्यांतल्या मुलांचे तास कमी करण्यासाठी खटपट केली. दोघांनी निधी उभा केला. तोवर मिशनच्या बायका डॉक्टर हिंदुस्थानात आल्या होत्या, पण त्यांच्या औषधाच्या बाटलीबरोबर बायबल येत असे, आणि घरोघरच्या पुरुषांना बाटली हवी असली तरी बायबल नको होतं. किट्रेजचा निधी धर्माच्या भानगडीत पडणार नव्हता. दुसरी अट याहून महत्त्वाची : इस्पितळ बायका डॉक्टरांच्याच ताब्यात राहील, वर पुरुष सर्जन बसणार नाही.

पेस्तनजी होरमसजी कामा यांनी इमारतीसाठी लाखाच्या वर रुपये दिले. सरकारने एस्प्लनेडवर जागा दिली. किट्रेजने लंडनमध्ये एलिझाबेथ गॅरेट अँडरसनला, इंग्लंडातल्या पहिल्या बाई डॉक्टरांपैकी एकीला, विचारलं की मला तुमच्यातली सर्वांत चांगली कोण मिळेल. तिने लीड्सचा पत्ता दिला.

नोव्हेंबर १८८३ मध्ये कामा इस्पितळाची कोनशिला बसली. १२ डिसेंबरला एडिथ पीची मुंबईत उतरली. आनंदीबाई तेव्हा फिलाडेल्फियात पहिल्या वर्षाला होत्या. म्हणजे एकाच वर्षात, एक बाई डॉक्टरी शिकायला पश्चिमेला गेली, कारण तिच्या देशात हवं तसं शिकता येत नव्हतं. दुसरी डॉक्टरी करायला पूर्वेला आली, कारण तिच्या देशात जेवढी करता यायला हवी तेवढी करू देत नव्हते. पडद्याआडच्या हिंदी बायकांची दया ही इंग्लंडमधल्या बायका डॉक्टरांच्या फार कामाला आली. लंडनमध्ये जे दार ठोठावून उघडत नव्हतं ते 'हिंदुस्थानातल्या दुःखी भगिनी' म्हटलं की किलकिलं व्हायचं. यात ढोंग होतं असं मी म्हणत नाही. गरज दोन्हीकडची खरी होती, आणि गरजवंतांनी एकमेकींना धरलं. पण इथल्या बायका पुरुष डॉक्टरला शिवूच देत नाहीत, हे वाक्य जेवढ्या वेळा म्हटलं गेलं तेवढं ते खरं नव्हतं. डॉ. तेमुलजी नरिमन हे पारशी डॉक्टर त्याच मुंबईत प्रसूतीचं काम करत होते. पारशी घरांत बाळंतिणीला चाळीस दिवस तळमजल्यावरच्या ओलसर खोलीत वेगळं ठेवत, आणि तिथे त्या तापाने मरत. नरिमन यांनी समाजाशी वाद घालून, वर्गण्या मागून फोर्टात पारशी प्रसूतिगृह काढलं. तिथे बायका आल्या. बाईला पुरुष नको असायचा त्यापेक्षा घराला तिच्यावर खर्च नको असायचा, हेही बरेचदा होतं. पडदा हे सभ्य कारण.

पीचीने इमारतीची वाट न पाहता दवाखाना सुरू केला. पुढे त्याच्यासाठी जाफर सुलेमान यांच्या देणगीतून स्वतंत्र जागा झाली. बायका आल्या, आणि इतक्या आल्या की किट्रेजचा अंदाज कमी पडला. पीची हिंदुस्थानी शिकली. तिच्या मदतीला लंडनहून शार्लट एलाबी आली. १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते कामा इस्पितळ उघडलं. बांधलं होतं मुंचेरजी मर्झबान यांनी. आझाद मैदानाच्या कडेला ती दगडी इमारत आजही उभी आहे आणि आजही तिथे बाळं जन्मतात. पीचीने तिथे परिचारिकांचं शिक्षण सुरू केलं, आणि पुरुष डॉक्टरांएवढाच पगार बायका डॉक्टरांना मिळाला पाहिजे हे तुणतुणं तिने कधी सोडलं नाही. एडिंबराची शिष्यवृत्ती ती विसरली नसावी.

१८८५ मध्ये व्हाइसरॉयची बायको लेडी डफरिन हिने देशभरचा मोठा निधी काढला, राजेरजवाड्यांनी त्यात थैल्या रिकाम्या केल्या, आणि इतिहासात तेच नाव राहिलं. मुंबईचं काम त्याच्या दोन वर्षं आधीचं, ट्रामवाल्याचं आणि पारशांचं, हे आपल्याकडेही थोड्यांच्याच लक्षात असतं.

एक बारीकशी गोष्ट सांगायचा मोह होतो. सप्टेंबर १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी मिळून निसर्गाच्या नोंदी ठेवणारी एक संस्था काढली, आजची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी. त्या आठांत दोन हिंदी डॉक्टर होते : आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. संस्था लवकरच फोर्ब्स रस्त्यावर हर्बर्ट फिप्सन या दारूच्या व्यापाऱ्याच्या पेढीत राहायला गेली. १८८९ मध्ये एडिथ पीचीने या फिप्सनशी लग्न केलं. आणि सखाराम अर्जुन यांच्या घरात त्या काळी एक मुलगी वाढत होती, त्यांच्या बायकोची पहिल्या लग्नाची मुलगी, रखमा. मुंबई तशी लहानच होती.

रखमाबाईंचा खटला मराठी वाचकाला माहीत आहे, म्हणून तो धावता सांगतो. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न. सासरी न जाणं. १८८४ मध्ये दादाजीची कोर्टात धाव. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी सांगितलं की बाई म्हणजे गुरंढोरं नव्हेत, तिला ओढून नेता येणार नाही. अपिलात ते फिरलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंचं उत्तर, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड.

या गोष्टीत जे धावतं सांगू नये ते असं. खटल्याच्या मुळाशी एक विधी होता, गर्भाधान. मुलीला न्हाण आलं की लवकरात लवकर तो उरकायचा, म्हणजे नवऱ्याशी संबंध सुरू. रखमाला लग्नानंतर काही महिन्यांतच न्हाण आलं. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत, मराठीतून वैद्यकावर लिहीत. बारा वर्षांच्या मुलीच्या शरीराचं गरोदरपणात काय होतं हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. सावत्र बापाच्या त्या वैद्यकीय नकारावर पुढचं सगळं उभं राहिलं. कोर्टात युक्तिवाद झाले ते शास्त्राचे, हक्कांचे, इंग्रजी कायद्याचे, आणि आपण अजूनही तो खटला तसाच वाचतो. त्याच्या बुडाशी एका डॉक्टरने मुलीचं न भरलेलं शरीर पाहून घेतलेला निर्णय होता. निकालापूर्वीच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले.

पीचीने रखमाबाईंची बाजू घेतली आणि त्यांना डॉक्टर व्हायला इंग्लंडला पाठवण्याच्या खटपटीत ती होती. १८९० मध्ये तिने मुंबईच्या हिंदूंसमोर बालविवाहावर व्याख्यान दिलं. एका गोऱ्या बाईने आपल्या घरात डोकावून सांगावं हे ऐकणाऱ्यांना जड गेलं असणार, आणि त्यात काही गैर नाही. पण ती ज्या खोलीतून आली होती त्या खोलीत ऐकणाऱ्यांपैकी कुणी गेला नव्हता. त्याच सुमारास कलकत्त्यात फुलमोनी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संबंधाने रक्तस्राव होऊन मेली होती. देशभरातल्या पन्नासेक बायका डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला, त्यात आपल्या इस्पितळांत आलेल्या अशा मुलींच्या जखमा एकेक करून लिहिल्या. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला; वय दहावरून बारा झालं. पुण्यात टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं, सुधारणा समाजाने आतून करावी, परक्या सरकारने कायद्याने लादू नये. तत्त्व म्हणून ते खोडता येत नाही. पण त्या वादाची वर्तमानपत्रं आज चाळली तर मनूचे दाखले पानापानाला सापडतात, आणि बारा वर्षांच्या पोरीची कटी किती रुंद असते हा प्रश्न क्वचित.

आनंदीबाईंनी ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र'. अमेरिकेत शिकलेल्या वीस वर्षांच्या मुलीने जुन्या संस्कृत ग्रंथांत गर्भिणीने काय खावं, सूतिकागृह कसं असावं, नवजाताला कसं धरावं हे धुंडाळावं याचं अनेकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. जिचं मूल दहाव्या दिवशी गेलं ती बाई, आपल्या आज्या-पणज्यांना नेमकं काय माहीत होतं आणि कुठे हरवलं, हे बघायला जाणारच. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड इस्पितळातल्या बायकांच्या विभागाची जागा त्यांना देऊ केली होती. त्या वर्षाअखेर त्या परत आल्या त्या क्षय घेऊन. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. एकही बाळंतपण इथे त्यांच्या हातून झालं नाही. रक्षेचा काही भाग न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला, त्यांना पोटच्या मुलीसारखं सांभाळणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. अल्बर्ट एडवर्ड इस्पितळ म्हणजे आजचं कोल्हापूरचं सी. पी. आर.; पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्णाबाई केळवकर तिथे डॉक्टर म्हणून आल्या.

पीचीला मधुमेह होता. १८९४ मध्ये तिने काम सोडलं, तरी दोनच वर्षांनी प्लेग आला तेव्हा ती पुन्हा शहरात फिरत होती. १९०५ मध्ये ती नवऱ्याबरोबर इंग्लंडला परतली आणि १९०८ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने गेली.

या सगळ्या धामधुमीत सुईण कुठे होती? होती तिथेच. कामा इस्पितळात रोज जेवढ्या बायका बाळंत होत त्याच्या कैक पट त्याच दिवशी गावोगावच्या अंधाऱ्या खोल्यांत होत होत्या. डफरिन निधीने सुइणींना शिकवायचे वर्ग काढले. आधी अधिकाऱ्यांनी अहवालांतून त्यांना अडाणी, घाणेरड्या, क्रूर ठरवलं आणि मग त्याच वर्गात येत नाहीत म्हणून तक्रार केली. मेहनतान्याला ती एक लुगडं, पायलीभर धान्य, मुलगा झाला तर जास्त, मुलगी झाली तर कमी, यावर जगत होती. जात खालची, बाळंतपणाचा विटाळ तिच्या हातावर टाकून घरं शुद्ध राहत होती. कोनशिला बसवणाऱ्यांत आणि व्याख्यानं ऐकणाऱ्यांत ती नव्हती. ज्या हातांनी सबंध इलाखा जन्माला आला त्या हातांना कुणी पाणी आणि साबण नीट, मानाने पुढे केला असता तर कदाचित दगडी इमारतीइतकंच काम झालं असतं. तो खर्चही कमी होता. पण साबणाच्या वडीवर देणगीदाराचं नाव कोरता येत नाही.

रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या. एडिथ पीचीच्या मैत्रिणींनी, एडिंबरातून हाकलल्या गेलेल्यांनी, १८७४ मध्ये लंडनमध्ये बायकांसाठी स्वतःचं वैद्यकीय विद्यालय काढलं होतं. रखमाबाई तिथे शिकल्या. शेवटच्या परीक्षा त्यांनी स्कॉटलंडच्या वैद्यक मंडळांच्या दिल्या, म्हणजे ज्या शहरात मेंढी सोडली गेली होती त्याच शहराचा शिक्का त्यांच्या परवान्यावर पडला. १८९४ मध्ये त्या पात्र झाल्या, परत आल्या आणि सुरतेच्या बायकांच्या इस्पितळाचा ताबा घेतला. सुरतेत आणि नंतर राजकोटला मिळून पस्तीसेक वर्षं त्यांनी हेच काम केलं. दादाजी १९०४ मध्ये वारला, तेव्हापासून त्यांनी विधवेचं पांढरं लुगडं नेसलं. ज्याच्या घरी गेल्या नाहीत त्याच्या नावाने. या बाईला एका वाक्यात बसवू पाहणाऱ्याने हे लुगडं आधी समजावून सांगावं.

सुरतेतल्या पहिल्या दिवसांची एक गोष्ट त्यांच्या चरित्रात सांगतात. इमारत होती, खाटा होत्या, डॉक्टर बाई होती, आणि हिंदू होती. पुरुष नको, मिशन नको, गोरी नको, ही सगळी कारणं संपलेली. तरी बाळंतपणाला कुणी येईना. इस्पितळात गेलेली बाई परत येत नाही, तिथे पहिली जी बाळंत होईल ती मरेल, असं गावात पसरलेलं. रखमाबाईंनी वाट पाहिली. मग एक गाभण शेळी आणवून इस्पितळात ठेवली. दिवस भरले तशी ती तिथेच सुखरूप व्याली.

त्यानंतर बायका येऊ लागल्या.